तळाची भाषा

"पाट्टीला गाणी फार आवडतात," आश्रमात काम करणारी पवित्रा तमिळमध्ये म्हणाली आणि तिनं स्वतःचा मोबाइल म्हातारीच्या उशीला टेकवून ठेवला. "सारखी मागते. पाट्टु, पाट्टु. नाही लावलं तर रडते बिचारी."

पाट्टी म्हणजे आजी आणि पाट्टु म्हणजे गाणं. धनलक्ष्मीला हसूच आलं. आईनं उभ्या जन्मात कधी गाणं मागितलं नव्हतं. घरात रेडिओ लागला की ती डोक्याला पदर गुंडाळून मागच्या पायरीवर जाऊन बसायची. पण नव्वदीला माणूस बदलत असेल. तापानं बदलत असेल. साक्कोट्टैच्या रस्त्यावरच्या या वृद्धाश्रमात धनलक्ष्मी महिन्याहून जास्त दिवसांनी आली होती. मोतीबिंदूचं साधं ऑपरेशन, पण नंतर डोळा चिघळला आणि डॉक्टरांनी बसच्या धुळीची मनाई केली. तेवढ्यात इकडे आईला ताप येऊन गेला. तापानंतर पाट्टी बोलत नाही, नुसते आवाज काढते, असं फोनवर कळलं होतं. तिनं काळा चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि खुर्ची पलंगाशी ओढली. मोबाइलमधून एक भरदार बायकी आवाज मुरुगनला आळवत होता. आई उताणी निजली होती. नागलक्ष्मी हे नाव आता त्या अंगाला मोठं होत होतं, झंपर मोठा व्हावा तसं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. धनलक्ष्मीनं कान जवळ नेला. गाण्याखालून, अगदी हळू, न थांबता, आई म्हणत होती, "पाट. पाट. पाट दुकत्ये गे. कोणी कड वळवा मला."

घरात ठ कधी ठ नव्हताच. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून ठ चा ट झाला होता, ख चा क. एकदा पुण्याहून कुणी लांबची चुलती लग्नाला आली होती, ती या मराठीला हसून हसून बेजार झाली होती. बखरीतली माणसं मद्रासी हेल काढून बोलताहेत, असं म्हणाली होती. पाठीला पाट म्हणायचं हे धनलक्ष्मीला इतकं अंगवळणी होतं की तो शब्द तिला कानानं ऐकू आलाच नाही. तो तिच्या स्वतःच्या पाठीत उमटला. "ते गाणं बंद कर," ती म्हणाली. मग दोघींनी मिळून आईला कुशीवर घेतलं. आईचं ओरडणं बारीक होतं, मांजराच्या पिलासारखं. माकडहाडावर तळव्याएवढा भाग काळपट लाल पडला होता, मध्ये कातडी सोलून निघाली होती आणि चादर तिथं चिकटली होती. पवित्रा चाळिशीची, दोन लेकरांची आई, बारा म्हाताऱ्यांचं अंग रोज पुसणारी. तिनं तोंडावर हात दाबला. "अम्मा, आम्हाला वाटलं गाणं मागते. खरंच पाट्टुच म्हणत होती. मी माझ्या मोबाइलमधली सगळी..." धनलक्ष्मीला तिच्यावर राग काढायचा होता. राग शोधायला ती स्वतःच्या आत गेली, पण आत कुठं राग नव्हता. कुणी दुष्ट असतं तर बरं झालं असतं. दुष्टाला काढून टाकता येतं, त्याच्याविरुद्ध लिहिता येतं. ही बाई रडणाऱ्या म्हातारीला दिवसभर गाणी ऐकवत होती.

डॉक्टर दुपारी आले. जखम धुतली, पट्टी बांधली, हवेची गादी आणायला सांगितली. जाता जाता ते व्हरांड्यात थांबले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, की या वयात मेंदू आटतो तो वरून खाली. मागाहून शिकलेलं आधी जातं, पहिलं शिकलेलं शेवटी. तळं आटतं तसं, अम्मा. तळाचं पाणी तेवढं राहतं. म्हणजे आईची तमिळ गेली, ती म्हणाली. गेली, ते म्हणाले, आणि घड्याळाकडं पाहिलं.

आईची तमिळ! बस कुंभकोणमकडं परतत होती आणि धनलक्ष्मीला बाजारातली आई दिसत होती, एक वांगं बोटांनी दाबून विकणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणारी. बोलण्यावरून ती जन्माची मायवरमची तमिळ बाई वाटायची. रायरांच्या, म्हणजे मराठ्यांच्या, घरची अम्मा आली की भाजीवाले आधीच भाव उतरवून सांगत. गल्लीत भांडण झालं तर तिची तमिळ अशी सुटायची की समोरची बाई दाराआड जायची. आणि मग उंबरा ओलांडला, की चपलेबरोबर ती भाषा बाहेर. आत आली की तीच बाई मऊ आवाजात म्हणायची, "धना, पाय धुतलीस का गे? भात वाढत्यें." धनलक्ष्मीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरात असं असतं, रस्त्यासाठी एक भाषा आणि भातासाठी एक. शाळेत मैत्रिणीच्या घरी तिची आई आतही तमिळच बोलताना ऐकली तेव्हा तिला त्या मुलीची कीव आली होती, हिच्या घराला आत नाही म्हणून. आता आईपाशी फक्त आत उरलं होतं आणि तिचा पलंग तर बाहेर मांडलेला. उंबऱ्यापलीकडं, अनोळखी माणसांत, कायमचा.

आणि तो पलंग धनलक्ष्मीनंच निवडला होता. तिच्याइतकं ते काम कुणाला येणार? समाजकल्याण खात्यात तिची सारी नोकरी वृद्धाश्रमांच्या तपासणीत गेली होती. न सांगता जायचं. आधी वास घ्यायचा. मग गादी उलटून पाहायची, संडासातला धरायचा दांडा हलवून पाहायचा, स्वयंपाकघरात जाऊन सांबार चाखायचं. वाईट जागा तिनं बंद करवल्या होत्या, धमक्या सोसून. हा आश्रम चांगल्यातला चांगला होता. अजूनही होता. इथं मारत नव्हते, उपाशी ठेवत नव्हते, दांडे घट्ट होते. तरी आईला इथं आणायचं तिनं वर्षानुवर्षं टाळलं होतं. नवरा अनंतकृष्ण गेल्यावर त्या दोघीच महामहम तळ्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहत, सत्तरीला टेकलेली मुलगी आणि नव्वदीची आई. मग एके सकाळी आईला न्हाऊ घालताना पाय घसरला आणि दोघी ओल्या फरशीवर पडल्या. मोडलं काही नाही. फक्त उठता येईना. धनलक्ष्मीचा गुडघा वाकेना, आईचं डोकं तिच्या दंडावर, नळाखालची बादली भरून वाहत होती आणि पाणी दोघींच्या खालून मोरीकडं चाललं होतं. कामवाली येईपर्यंत त्या तशाच पडून राहिल्या. आईला थंडी वाजत होती. थोड्या वेळानं ती छताकडं बघत म्हणाली, "धना, आपण दोघी आता म्हाताऱ्या झालों गे," आणि हसायला लागली. धनलक्ष्मीही हसली होती. संध्याकाळी कोईमुत्तूरहून भावाचा, मध्वेशचा फोन आला. तो स्वतः हृदयात स्टेंट घालून बसलेला. म्हणाला, "अक्का, एकादं चांगलं टिकाण बघ. तुला सगळी टावी अहेत." सगळी ठावी होती.

जखम भरायला फार दिवस लागले, आणि त्या दिवसांत धनलक्ष्मी रोज जाऊन बसू लागली. तिनं पवित्राला मराठी शिकवायला घेतली. सगळी कशाला, दुखण्यापुरती. पाठ. तहान. थंडी. नको. कड वळव. पवित्रा पट्टी बदलता बदलता शब्द घोकायची, आणि गंमत अशी की तिच्या तमिळ जिभेवर ते अगदी आईसारखेच उमटायचे. पुण्याच्या चुलतीला जे कधी जमलं नसतं ते तिला जमलं. "तान?" ती विचारायची, आणि आई डोळे उघडून "हां, तान" म्हणायची, आणि पाणी मिळायचं. एवढंसं झालं तरी धनलक्ष्मीला परतीच्या बसमध्ये झोप लागायची. मग पवित्राच्या नवऱ्याला तिरुपूरला काम लागलं. जायच्या दिवशी तिनं नव्या बाईला शब्द शिकवले. त्या बाईनं आठवड्यात काम सोडलं. तिच्या जागी आली तिला ते कुणी शिकवलेच नाहीत. धनलक्ष्मीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पहिल्या शब्दाला ती बाई हसली; वाईट हसली नाही, लाजून हसली. पण त्या हसण्यानंतर धनलक्ष्मीनं दुसरा शब्द काढलाच नाही. वाळूची भिंत बांधतो आहोत आणि ती सुद्धा नदीच्या पात्रात, असं वाटलं.

ज्येष्ठांसाठी नवे नियम होणार म्हणून निवृत्त अधिकाऱ्यांना सूचना करायला बोलावलं होतं. ती गेली. बैठक घेणारी रम्या एकेकाळी तिच्या हाताखाली शिकलेली. तिनं उठून उभी राहून "मॅडम" म्हणत खुर्ची दिली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर धनलक्ष्मी बोलली. या जिल्ह्यात तेलुगू आहेत, सौराष्ट्री आहेत, उर्दू आहेत, आम्ही आहोत. सगळे चांगली तमिळ बोलतात म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण आश्रमात माणूस घेताना एवढं विचारा, की तुम्हाला दुखलं तर तुम्ही कोणत्या भाषेत ओरडता. लोकांना ते पटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. कुणी तरी टेबलावर बोटं वाजवायचं थांबलं. बैठक संपल्यावर रम्या तिला जिन्यापर्यंत पोचवायला आली. रम्यानं तिचा कोपर धरला होता, आणि त्या धरण्यात शिकवलेलं कौशल्य होतं, म्हाताऱ्यांना कसं धरावं याचं. "मॅडम, विचारता येईल," रम्या म्हणाली. "सोपं आहे. लिहूनही ठेवू, मराठी. पण पुढं काय करू? मला अंग वळवायला माणसं मिळत नाहीत. जी मिळतात ती टिकत नाहीत. मराठी येणारं माणूस मी आणू कुठून?" तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. ती खरंच विचारत होती. धनलक्ष्मीनं खालच्या पायरीकडं पाहिलं. ऑपरेशनचा डोळा सगळं फार लख्ख दाखवत होता, पायरीची फुटलेली कड, त्यातली मुंगी. या प्रश्नाचं उत्तर असतं तर तिनं नोकरीतच दिलं असतं.

त्या रविवारी डब्लिनहून मुलीचा फोन आला. प्रीति दर रविवारी न चुकता करायची. आजीची चौकशी झाली, डोळ्याची झाली. प्रीतिची भाषा तमिळ, मध्ये मध्ये इंग्रजी. मराठी तिला पाहुण्यासारखी येत होती, 'ये, बस, जेव' एवढी. लहानपणी ती उशिरा बोलायला लागली तेव्हा बालवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, आणि तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. "अम्मा, रागावू नकोस," प्रीति म्हणाली, "मी तुझ्यासाठीही एक जागा बघून ठेवलीय. मामाच्या गावी. आत्ता नाही गं, पुढं कधीतरी. फार सुंदर आहे, बाग आहे, चोवीस तास नर्स आहे." धनलक्ष्मीनं विचारलं, "तिथं कोण बोलतं?" "म्हणजे?" "काही नाही. दांडे बघ संडासातले," ती म्हणाली. प्रीति हसली. फोन ठेवल्यावर धनलक्ष्मी बाल्कनीत उभी राहिली. खाली तळ्याच्या पायऱ्यांवर कुणी कपडे आपटत होतं. आवाज हात वर गेल्यावर पोचत होता, हात खाली असताना नाही. तिच्या मनात एक विचार आला. तो इतका साधा होता की इतके दिवस तो कसा आला नाही याचंच नवल वाटलं. आईपाशी निदान मी होते. माझं तळं आटेल तेव्हा वर जो शब्द येईल तो ऐकायला जगात कोणीही नसेल. मध्वेश असेल नसेल. त्याची मुलं तमिळच. मी काय म्हणते आहे हे कळणारं माणूस त्या बागेच्या आसपास शंभर कोसांत नसेल आणि कुणी भली बाई माझ्या उशीला मोबाइल टेकवून ठेवेल.

तेव्हापासून ती सराव करू लागली. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. मराठी सोडायची, तळाशी तमिळ उरावी म्हणून. तोंडातली सोडणं सोपं होतं, तोंडी ती होतीच कुणाशी? सोडायची ती आतली. सकाळी जाग येताच मनात जे वाक्य उमटेल ते तिथंच थांबवायचं आणि तमिळमध्ये पुन्हा म्हणायचं. दूध उतू गेलं, तमिळमध्ये चिडायचं. कुकरच्या शिट्ट्या तमिळमध्ये मोजायच्या. एकदा टीपॉयची कड नडगीला लागली आणि तोंडातून "अग आई गे" निघून गेलं. ती तशीच लंगडत उभी राहिली आणि मुद्दाम, मोठ्यानं, "अय्यो अम्मा" म्हणाली, चुकलेलं गणित पुन्हा घालावं तसं. देवापुढं बसली तर देवाशीही तमिळ. तिथं मात्र जीभ अडखळायची. देव त्या भाषेत अनोळखी वाटायचा, ऑफिसातल्या साहेबासारखा, आणि ती अर्ध्यातच उठायची. मध्वेशचा फोन आला की "कशी अहेस अक्का?" याला ती तमिळमध्ये उत्तर देई, त्याला वाटलं शेजारी कुणी बसलं असेल, मग तोही तमिळमध्येच बोलू लागला. त्याला ते फारसं जड गेलं नाही. हे पाहून तिनं त्या रात्रीचं ताट तसंच झाकून ठेवलं. सरावाला मात्र यश येत होतं. स्वप्नांत बाजार येऊ लागला, ऑफिस येऊ लागलं. भाताची भाषा एकेक पायरी मागं सरत होती आणि ती तिला आपल्याच हातानं मागं रेटत होती, पोहायला न येणाऱ्याला पाण्यात रेटावं तशी. आईपाशी गेली की मात्र ती मराठी बोले. तेवढी सूट तिनं ठेवली होती. पण आई आता बहुतेक झोपेतच असायची, आणि त्या सुटीचा उपयोग कमी कमी होत गेला.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमारास, कावेरीला पाणी सोडलं तेव्हा आश्रमात आणखी एक नवी बाई आली, ओडिशाची. नवरा चोळपुरमकडं भाताच्या लावणीला आलेला, ही इथं. तिला तमिळ येत नव्हती म्हणावी इतकी थोडी येत होती. व्यवस्थापकानं धनलक्ष्मीची आधीच क्षमा मागितली. माणसंच मिळत नाहीत, अम्मा. त्या दुपारी आईच्या खोलीत पंखा मंद फिरत होता आणि खिडकीतून उसाच्या चिपाडांचा गोड, आंबूस वास येत होता. धनलक्ष्मी दारातून आत आली आणि थबकली. आई जागी होती. उशीवर डोकं वळवून दाराकडं पाहत होती, आणि डोळे स्वच्छ होते, बाजारात वांगं पारखणारे डोळे. कित्येक महिन्यांत आईनं तिला ओळखलं नव्हतं.

"धना," आई म्हणाली, "अलीस का गे?"

"वंदुट्टेन् अम्मा," धनलक्ष्मी म्हणाली.

आले गं आई, एवढंच. पण ते बाहेर पडून गेलं होतं, आनंदाच्या भरात, विचार न करता, अगदी आतून. आईची नजर तिच्या ओठांवर आली, तिथं क्षणभर थांबली. मग ती नजर हलकेच बाजूला झाली, बसमध्ये अनोळखी माणसाशी चुकून नजर भिडल्यावर होते तशी. "आई," धनलक्ष्मी पलंगाकडं धावलीच, "मी अलें. मी धना. बघ इकडं, मी अहें." शब्द सगळे बरोबर होते. आई छताकडं पाहत होती. धनलक्ष्मीनं तिचा हात हातात घेतला तर तिनं तो घेऊ दिला, रोज कुणी ना कुणी घेतं तसा. धनलक्ष्मी बोलत राहिली; मध्वेशचं, प्रीतिचं, डोळ्याचं. स्वतःचा आवाज तिला शिकवल्यासारखा वाटत होता.

ओडिशाची बाई पेला घेऊन आत आली. पलंगाच्या पलीकडच्या बाजूनं वाकून तिनं तिच्या भाषेत विचारलं, "पाणि पिइब?"

आईनं मान वळवली. "हां," ती म्हणाली. "दे गे पाणी. केव्हाची वाट बघत्यें, धना." बाईनं मानेखाली हात घातला, पेला लावला. आई प्याली, थोडं गळ्यावर सांडलं, ते त्या बाईनं पदरानं टिपलं. मग आई बोलू लागली. अंगणात कपडे वाळत घातले अहेत, ढग अला अहे, भिजायच्या आत काढ. सोवळं वेगळं टेव. तू जेवलीस का? असं बरंच. इतकं ती या खोलीत कधीच बोलली नव्हती. बाईला त्यातलं काही कळत असेल असं नव्हतं. कपडे नाही, ढग नाही. पण ती पलंगावर टेकली होती आणि मधून मधून हं, हं म्हणत होती, आपल्या गावाकडच्या कुणा म्हातारीला म्हणत असेल तसं. आईनं तिचा हात दोन्ही हातांत धरला होता.

मी धना, हे धनलक्ष्मीनं आणखी एकदा सांगून पाहिलं असतं. तोंड उघडलंही. मग आईच्या चेहऱ्याकडं पाहून मिटलं. तो चेहरा सैल, तृप्त झाला होता, घरी पोचलेल्या माणसाचा. धनलक्ष्मी उठली. पायाकडची चादर सारखी केली, पिशवी खांद्याला अडकवली. दारापाशी पोचली तेव्हा आईनं बोलणं थांबवून तिच्याकडं पाहिलं. आलेल्या माणसाची विचारपूस राहून गेली, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. तिनं त्या बाईचा हात सोडला, आपले दोन्ही हात जवळ आणले, आणि पडल्या पडल्या धनलक्ष्मीला नमस्कार केला.

धनलक्ष्मीनंही हात जोडले.